ॲडमिन, पण कुठला?

सॉफ्टवेअर टाकायला गेलं की विंडोज ॲडमिनचा पासवर्ड मागतं. ऑफिसात वैतागून युजरला थेट 'डोमेन ॲडमिन्स'मध्ये टाकतात. म्हणजे एका खोलीची किल्ली मागितली, तर अख्ख्या होस्टेलचा जुडगा हातात! मग त्याच्या पेनड्राइव्हमधला व्हायरससुद्धा सर्व्हरपर्यंत ॲडमिन!

त्यापेक्षा सपोर्टवाल्यांचा वेगळा ग्रुप करा आणि ग्रुप पॉलिसीतल्या 'रिस्ट्रिक्टेड ग्रुप्स'मधून तो प्रत्येक पीसीच्या लोकल 'ॲडमिनिस्ट्रेटर्स'मध्ये घाला. इथे जरा जपून हं! 'मेंबर्स'ची यादी भरलीत तर आधीची नावं उडतात. 'मेंबर ऑफ'मध्ये नुसती भर पडते. सर्व्हर मात्र या पॉलिसीतून वगळा.

सगळ्या मशीन्सवर लोकल ॲडमिनचा एकच पासवर्ड असेल तर एक फुटला की सगळे फुटले. म्हणून मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये 'लॅप्स' आणलं. ते प्रत्येक पीसीला वेगळा पासवर्ड देतं आणि ठरावीक दिवसांनी बदलतं.