वजनाने वाढणारा कचरा

कचरा उचलणे आणि कचरा कमी करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आमच्या महापालिकेला अजून उमगलेले दिसत नाही. सदरच्या रेसिडेन्सी रोडवरील उपाहारगृहांतील उरलेले अन्न, मंगळवारी बाजारातील भाजीचा पाला आणि घराघरांतील केर गाडीत पडला व गाडी भांडेवाडीच्या वाटेला लागली, की सदर स्वच्छ झाले असे आपण समजतो. वस्तुतः ती घाण नाहीशी झालेली नसते. शहराच्या पूर्व टोकाला जाऊन पडलेली असते. उन्हाळ्यात तेथील ढिगांना आगी लागतात आणि त्या धुरात आसपासच्या वस्त्यांतील आबालवृद्धांना दिवस काढावे लागतात. ताट एकाचे आणि खरकटे दुसऱ्याच्या दारी, हा न्याय कोणत्या नागरिकशास्त्रात बसतो?

कचऱ्याच्या मोजमापाची विद्या नागपूरला बाहेरून आणावी लागावी, अशी स्थिती नाही. 1958 साली स्थापन झालेली व पुढे ‘नीरी’ या नावाने विख्यात झालेली संस्था याच शहरात आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी तिने 2004-05 मध्ये देशातील 59 शहरांची पाहणी केली, तेव्हा नागपुरात दिवसाला 504 टन कचरा निघत होता आणि त्यातील जवळजवळ निम्मा कुजून खत होण्याजोगा होता. आज हा आकडा हजार टनांच्या पुढे गेला आहे. या वीस वर्षांत नागपूरची लोकसंख्या दुप्पट झाली नाही. कचरा मात्र झाला. वेष्टनांचा सुकाळ, घरपोच जेवणाची हौस, ही कारणे आहेतच. परंतु महापालिकेने स्वतः केलेल्या व्यवहाराचाही येथे विचार केला पाहिजे.

2019 च्या नोव्हेंबरात शहराचे दोन भाग करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम दोन कंपन्यांना देण्यात आले, आणि मोबदला ठरला तो टनामागे. सारी मेख येथेच आहे. ज्याला वजनावर पैसे मिळतात, त्याने वजन घटविण्यासाठी झटावे ही अपेक्षा म्हणजे वाण्याने गिऱ्हाइकाला कमी माल घेण्याचा उपदेश करावा, अशी अपेक्षा होय! वजन फुगविण्यासाठी कचऱ्यात माती मिसळली जाते, अशा तक्रारी पुढे झाल्या. त्यांच्या खरेखोटेपणात आम्ही शिरत नाही. पण मातीलाही कचऱ्याचा भाव येऊ शकतो असा व्यवहार मुळात लिहिलाच कसा गेला, हा प्रश्न उरतोच. भांडेवाडीला रोज हजार टन कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्या प्रकल्पासाठी 2023 मध्ये नेदरलँड्समधील कंपनीशी करार झाला. प्रक्रियेला आमचा विरोध नाही. तथापि रोज हजार टनांची भूक असलेले यंत्र उभे राहिल्यावर, कचरा सहाशे टनांवर आणण्याची निकड कोणाला वाटेल?

2016 च्या केंद्रीय नियमांनी ओला, सुका व घरगुती घातक कचरा वेगळा ठेवणे बंधनकारक केले, आणि उपाहारगृहांनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवावा असेही सांगितले. ‘शक्यतो’ हा शब्द आला की आपल्याकडे नियमाचे काय होते, हे वाचकांना सांगावयास नको. गृहिणीने निगुतीने दोन डबे निराळे ठेवावेत आणि दारातील गाडीत ते पुन्हा एकत्र व्हावेत, ही तक्रार तर सर्वतोमुखी आहे. तिने तिसऱ्या दिवशी तो नाद सोडला, तर तिला दोष कसा द्यावा?

हे असाध्य आहे, ही सबब आम्ही मान्य करीत नाही. याच विदर्भातील पुसदच्या नाडेपकाका पांढरीपांडे यांनी विटांच्या, हवेसाठी भोके ठेवलेल्या साध्या टाक्यात पालापाचोळा, माती आणि थोडेसे शेण यांचे थर देऊन तीन-चार महिन्यांत उत्तम खत करण्याची पद्धत देशाला दिली. तिला ना परदेशी यंत्र लागते, ना करार. कोकणातील वेंगुर्ले नगरपालिकेने घरातच कचऱ्याचे वर्गीकरण करण्याची शिस्त लावून आपल्या कचरा डेपोचे उद्यानासारख्या प्रेक्षणीय स्थळात रूपांतर केले. वेंगुर्ले लहान, नागपूर अवाढव्य, हे खरे. पण नागपूरचे दहा झोन केले ते कशासाठी? एक झोन म्हणजे अनेक वेंगुर्लीच.

2022 च्या मार्चपासून जवळजवळ चार वर्षे हे शहर नगरसेवकांवाचून, प्रशासकांच्या हाताखाली चालले. 2026 च्या जानेवारीत निवडणूक होऊन 151 जणांचे सभागृह निवडून आले. तेव्हा आता विचारावयाचे कोणाला, हा प्रश्न राहिलेला नाही. आमची सूचना अशी की, सदर ज्यात मोडते त्या मंगळवारी झोनपासून आरंभ करावा. मंगळवारी बाजाराचा पाला झोनच्याच हद्दीत खतासाठी मुरवावा. सदरमधील मोठ्या उपाहारगृहांनी ओल्या कचऱ्याची व्यवस्था दाखविल्यावाचून त्यांच्या परवान्याचे नूतनीकरण होऊ नये. मोबदल्याचा काही भाग टनांवरून काढून, किती घरांतून वेगवेगळा कचरा आला यावर बांधावा. आणि झोनमधून भांडेवाडीला गेलेल्या कचऱ्याचे वजन दरमहा मंगळवारी बाजारातील फलकावर लावले जावे.