चार अंक, सोळा घरं

लेखमाला : खेळाच्या पोटात – लेखांक ७

धरणगावात त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, जन्मले ते साल १८९०. या सालातले चार अंक उतरत्या क्रमाने मांडले की ९८१० होतात, चढत्या क्रमाने मांडले की ०१८९. वजाबाकी केली की ९६२१. त्या उत्तरालाही तसंच करायचं : ९६२१ वजा १२६९, बाकी ८३५२. पुन्हा एकदा : ८५३२ वजा २३५८, बाकी ६१७४. इथून पुढे गाडी हलतच नाही, कारण ७६४१ मधून १४६७ गेले की उरतात ते ६१७४च. धरणगावाहून जळगावला निघालेल्या माणसाचा हा हिशेब पाळधी यायच्या आत कागदाच्या चिटोऱ्यावर उरकतो. मात्र बहुतेकजण तेवढ्यावर थांबत नाहीत. लगेच स्वतःचं जन्मसाल घेतात, मग बायकोचं, मग मुलाचं.

ही गंमत शोधून काढली देवळालीच्या एका शाळामास्तरांनी. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. फर्ग्युसन कॉलेजात शिकून ते १९३० मध्ये देवळालीला शिक्षक झाले आणि १९६२ मध्ये तिथूनच निवृत्त झाले. चार अंकांची कोणतीही संख्या घ्यावी, फक्त चारही अंक सारखे नकोत. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतो. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडलं. पुढे १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं आणि देवळालीचे मास्तर जगभरच्या कोडीवेड्यांना माहीत झाले. संख्यांच्या एका कुळाला कापरेकरांनी ‘डेम्लो’ असं नाव दिलं होतं : १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशी ती माळ चालते. हे नाव आलं डोंबिवलीवरून, कारण त्या रेल्वे स्टेशनावर त्यांना ती कल्पना सुचली होती. दुसऱ्या एका कुळाला त्यांनी देवळालीचं नाव दिलं.

या सगळ्यातून त्यांना पैसा मिळत नव्हता, बढती मिळत नव्हती. तरी ते आकड्यांशी आयुष्यभर खेळत राहिले. आज सुरत-भुसावळ मार्गावरच्या कुठल्याही फलाटावर गाडी उशिरा असली की पाच-सातजण मोबाइलवर मान घालून चौकोन सरकवताना दिसतात. त्यांनाही त्यातून काही मिळत नसतं. मग बोट थांबत का नाही?

मागच्या लेखांकात पाहिलेल्या खेळांत मोठाली जगं होती, लढाया होत्या, तासन्‌तास चालणाऱ्या कथा होत्या. या आठवड्यातल्या खेळांत जवळजवळ काहीच नाही. एक चौकट, दोन-तीन नियम, थोडे रंग. अशा खेळांना मिनिमलिस्ट म्हणतात; मराठीत अल्पाक्षरी म्हणायला हरकत नाही. या घराण्यातलं मोठं नाव ‘टेट्रिस’. मॉस्कोतल्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सी पाजित्नोव यांनी तो १९८४ मध्ये लिहिला. ज्या यंत्रावर लिहिला त्यावर चित्रं काढायची सोयच नव्हती, म्हणून पडणारे तुकडे त्यांनी चौकोनी कंसांनी रेखाटले. तुकडे एकूण सात, प्रत्येकात चार चौकोन. जपानचा ‘सोकोबान’ त्याहूनही जुना : गोदामातला एक कामगार, काही खोकी आणि खोकी ठेवायच्या जागा. खोकं ढकलता येतं, ओढता येत नाही. या एवढ्या एका ‘नाही’वर शेकडो कोडी उभी राहिली. खोकं एकदा कोपऱ्यात गेलं की ते कायमचं गेलं, आणि खेळणारा कपाळावर हात मारतो.

खेळ एवढा उघडा असल्याचा परिणाम मोठा होतो. लढाईच्या खेळात हरणाऱ्याला शंभर कारणं सापडतात : शत्रू मागून आला, इंटरनेट अडकलं, समोरच्याचं हत्यार महागाचं होतं. सोकोबानमध्ये सगळं पहिल्या क्षणापासून डोळ्यांसमोर असतं. लपवलेलं काही नाही, नशीब नाही. म्हणून चूक पूर्णपणे आपली, आणि कोडं सुटलं तर सुटल्याचं श्रेयही पूर्णपणे आपलं. त्यात कुणी वाटेकरी नाही. या खेळांची खरी गोडी इथे आहे. दिवसभरात माणसाच्या वाट्याला असं निर्भेळ श्रेय फारसं येत नाही. पीक चांगलं आलं तर पावसाचं नाव होतं, दुकान चाललं तर जागेचं, मुलगा पास झाला तर क्लासचं. पाच मिनिटांच्या कोड्यात मात्र कुणी मधे येत नाही.

मानसशास्त्रात रिचर्ड रायन, स्कॉट रिग्बी आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी २००६ मध्ये व्हिडिओ गेमच्या ओढीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या मते खेळ माणसाच्या तीन भुका भागवतो : आपल्या मर्जीने काही करण्याची, आपल्याला जमतंय हे अनुभवण्याची आणि इतरांशी जोडलं जाण्याची. अल्पाक्षरी कोड्यात यातली दुसरी भूक सर्वांत पुढे असते. ‘जमलं’ या एका शब्दासाठी माणूस ताटात भाजी निवत ठेवतो.

पण ही भूक बक्षिसाने वाढते, हा समज चुकीचा आहे. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हॅरी हार्लो यांनी माकडांच्या पिंजऱ्यात खीळ, कडी आणि झडप अशी कुलुपाची कोडी ठेवली. उघडलं तरी खायला काही मिळत नव्हतं. तरी माकडं ती उघडत राहिली, पुन्हा पुन्हा.

त्यानंतरचा एडवर्ड डेसी यांचा प्रयोग तर या विषयाचा कणाच आहे. १९७१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना ‘सोमा’ नावाचं कोडं दिलं : ठोकळ्यांचे सात तुकडे, त्यांतून कागदावर दाखवलेली आकृती घडवायची. दोन गट केले. पहिल्या दिवशी दोघेही नुसते खेळले. दुसऱ्या दिवशी एका गटाला प्रत्येक सुटलेल्या आकृतीमागे एक डॉलर दिला. तिसऱ्या दिवशी पुन्हा कुणाला काही नाही. प्रत्येक वेळी मधेच डेसी काहीतरी निमित्त काढून आठ मिनिटं खोलीबाहेर जात. टेबलावर मासिकं ठेवलेली असत. विद्यार्थ्यांनी ती चाळावीत, गप्प बसावं, काहीही करावं. त्या आठ मिनिटांत कोण आपणहून ठोकळ्यांना हात लावतं, हे बाहेरून पाहिलं जाई. ज्यांना एक दिवस पैसे मिळाले होते, ते पैसे बंद झाल्यावर ठोकळ्यांशी कमी खेळले. ज्यांना कधीच काही मिळालं नव्हतं, त्यांची हौस टिकून होती. डॉलरने खेळाचं काम करून टाकलं होतं.

खान्देशात हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात आणि ओट्याओट्यांवर पत्त्यांचे डाव बसतात. शेंगदाण्यांवर चाललेला डाव आणि पैशावर चाललेला डाव यांत पत्ते तेच, नियम तेच. पण पैसे आले की हसणं थांबतं, आणि डाव मोडल्यावर पत्ते पिसून पुन्हा बसण्यामागचं कारणही बदललेलं असतं. मोबाइलवरच्या बऱ्याच कोड्यांनी हाच रस्ता धरला आहे. जीव संपले की विकत घ्या, अडलात तर जाहिरात बघा, सलग सात दिवस आलात तर नाणी घ्या. अशा खेळात हरल्यावर माणसाला कळतच नाही की आपण चुकलो की आपल्याला मुद्दाम अडवलं. श्रेयाचा धागा तिथेच तुटतो. अशा खेळांना कोडं म्हणणं हा कोड्यांवर अन्याय आहे.

२०१४ सालची एक हकिगत यासाठी नीट सांगायला हवी. त्या फेब्रुवारीत अ‍ॅशर व्होल्मर आणि ग्रेग वोलवेंड यांचा ‘थ्रीज’ हा खेळ आला. चार बाय चारची सोळा घरं, आकडे सरकवून जोड्या जमवायच्या, घरं भरली की डाव संपला. एवढ्याशा खेळाला चौदा महिने लागले होते. मध्यंतरी त्यात आकड्यांच्या जागी निरनिराळी चित्रं आली आणि शेवटी साधे आकडेच उरले. दुसऱ्याच महिन्यात गाब्रिएले चिरुल्ली या १९ वर्षांच्या इटालियन मुलाने त्याच जातकुळीचा ‘२०४८’ एका शनिवार-रविवारात लिहिला आणि फुकट देऊन टाकला. काही दिवसांत तो जगभर पसरला; आपल्याकडेही अनेकांनी पाहिला तो हाच. ‘थ्रीज’च्या कर्त्यांनी मग आपापसांतली ५७० ई-पत्रं जाहीर केली, सोळा घरं कशी घडत गेली ते लोकांना दिसावं म्हणून. ती वाचताना कळतं की यातली मेहनत काढून टाकण्याची होती, आणि काढून टाकलेलं कुणालाच दिसत नाही. खेळ म्हणून ‘थ्रीज’ सरस आहे. ‘२०४८’ मध्ये मोठा आकडा एका कोपऱ्यात धरून ठेवण्याची युक्ती सापडली की अर्धी लढाई संपते. ‘थ्रीज’ इतक्या सहजी हार मानत नाही. (२०४८ ही संख्या कापरेकरांच्या पद्धतीने घेतली तर सहाव्या वजाबाकीला ६१७४ येतो. १८९० ला तीनच पुरल्या होत्या.)

मुंबईतही या घराण्यातलं काम झालं आहे. शैलेश प्रभू यांच्या यलो मंकी स्टुडिओज या छोट्या संस्थेने २०१२ मध्ये ‘ह्यूब्रिक्स’ काढला. चौकटीत रंगीत ठोकळे असतात, ठोकळ्यावरचा आकडा सांगतो की इथून किती घरांची वाट काढायची, आणि सगळ्या वाटा मिळून एकही घर रिकामं राहता कामा नये. तो खेळताना घरासमोर रांगोळीचे ठिपके जोडणारी बाई आठवते : हात न उचलता रेघ कुठून न्यावी, हा विचार ओळखीचाच आहे. आणि न्यूझीलंडच्या पीटर व रॉबर्ट करी या भावांच्या ‘मिनी मेट्रो’मध्ये तर मुंबईचाही नकाशा आहे. स्टेशनं म्हणजे वर्तुळ, त्रिकोण, चौकोन. प्रवासी म्हणजे त्याच आकारांचे ठिपके. रूळ खेळणाऱ्याने आखायचे. गर्दी वाढत जाते आणि एखादं स्टेशन तुंबलं की खेळ संपतो. लोकलच्या दारात लटकलेल्या माणसाला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

बोट थांबत नाही याला आणखी एक कारण आहे. डेव्हिड कर्श आणि पॉल मॅग्लिओ यांनी १९९४ मध्ये टेट्रिस खेळणाऱ्यांची प्रत्येक कळ तपासली. लोक तुकडा गरजेपेक्षा जास्त वेळा फिरवतात, असं दिसलं. गोंधळून नव्हे, मनातल्या मनात फिरवण्यापेक्षा पडद्यावर फिरवून बघणं लवकर होतं म्हणून. अरुंद दारातून कपाट आत घेणारी माणसं आधी ते उभं-आडवं करून बघतात, तसंच. म्हणजे या खेळांत विचार नुसता डोक्यात चालत नाही, बोटांत चालतो, आणि बोटांना ते आवडतं.

असा विचार झोपेतही सुटत नाही. रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २७ जण तीन दिवस टेट्रिस खेळले. डोळा लागता लागता अनेकांना तुकडे पडताना दिसले. त्यांत स्मृतिभ्रंशाचे पाच रुग्ण होते. आपण असा काही खेळ खेळलो, हेच त्यांना आठवत नव्हतं. तरी पाचांपैकी तिघांनी मिटल्या डोळ्यांपुढे तेच आकार पाहिले.

कापरेकरांची गाडी चार अंकांवरच थांबत नाही. दोन अंकांनी सुरुवात केली तर उत्तर एका जागी बसत नाही. ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असं रिंगण धरतं. तीन अंकांनी सुरुवात केली, म्हणजे समजा ३५२ किंवा ८०१, तर पुन्हा एकच संख्या गाठली जाते, सुरुवात कुठूनही करा, फक्त तीनही अंक सारखे नकोत. ती कोणती, हे इथे मुद्दाम छापलेलं नाही.

(पुढील लेखांक येत्या आठवड्यात)