विज्ञान धोरण नेमकं कुठं ठरतं?

केंद्रीय अर्थसंकल्प सादर झाला की विज्ञानाच्या बातम्यांमध्ये एक आकडा हमखास झळकतो: सकल देशांतर्गत उत्पादनापैकी किती टक्के रक्कम संशोधनावर खर्च होते? भारताचं उत्तर गेली कित्येक वर्षं ०.६ ते ०.७ टक्क्यांच्या आसपास घुटमळतं आहे. दक्षिण कोरियाचं साडेचारच्या वर गेलं आहे. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापले जातात, हळहळ व्यक्त होते आणि चर्चा वर्षभरासाठी थांबते. ही हळहळ रास्त आहे. पण चर्चा तिथंच थांबते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण ज्यांनी हा आकडा मोजायची रीत घालून दिली, त्यांनीच पुढं आयुष्यभर त्याच्या मर्यादा दाखवल्या.

जून १९६३मध्ये रोमजवळच्या फ्रास्काती गावात ‘ओईसीडी’ या संघटनेच्या सदस्य देशांतले तज्ज्ञ जमले होते. संशोधनावरचा खर्च सर्व देशांनी एकाच पद्धतीनं मोजावा, यासाठी नियमपुस्तिका ठरवायची होती. तिचा मसुदा ख्रिस्तोफर फ्रीमन या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाचा. काय संशोधनात धरायचं आणि काय वगळायचं, हा खरा किचकट भाग. रुग्णालयातली रोजची रक्ततपासणी वगळायची. नव्या औषधाच्या चाचणीसाठी तीच तपासणी केली तर मात्र धरायची. नवं ज्ञान निर्माण होतं का, ही कसोटी. ‘फ्रास्काती मॅन्युअल’ची सातवी आवृत्ती २०१५मध्ये आली आणि आपले ०.६४ टक्केसुद्धा याच व्याख्यांच्या आधारे काढलेले आहेत. या कसोटीत कारखान्यातला फिटर यंत्रात करत असलेला बारीकसारीक बदल बहुतेकदा बसत नाही. आयात केलेलं तंत्र इथल्या कच्च्या मालाला आणि इथल्या हवेला जुळवून घेण्याची खटपटही बरीचशी निसटते.

फ्रीमनना हे दिसत होतं. १९६६मध्ये त्यांनी ससेक्स विद्यापीठात विज्ञान धोरणाच्या अभ्यासाचं केंद्र उभं केलं. ‘स्प्रू’ या नावानं ते जगभर ओळखलं जातं. तिथल्या ‘सॅफो’ प्रकल्पाची पद्धत मला आजही विलक्षण वाटते. एकाच बाजारपेठेसाठी आणलेली दोन नवी उत्पादनं घ्यायची, एक यशस्वी झालेलं आणि एक फसलेलं. मग शंभरावर निकषांवर ती जोडी ताडून बघायची. सर्वांत ठळक फरक निघाला तो वापरणाऱ्याची गरज कोणी अधिक नीट ओळखली, यात. १९४५मध्ये व्हॅनेव्हर बुश यांच्या अहवालानं अमेरिकेत अशी समजूत रुजवली होती की मूलभूत विज्ञानाला पैसा दिला की त्यातून तंत्रज्ञान आणि समृद्धी आपोआप येते. तिला या कामानं चांगलाच धक्का दिला.

याच विद्यापीठातल्या एका गटानं १९७० साली संयुक्त राष्ट्रांसाठी एक टिपण लिहिलं. गटाचे प्रमुख हान्स सिंगर. साम्यवादी देश सोडले तर जगातलं ९८ टक्के संशोधन श्रीमंत देशांत होतं आणि गरीब देशांच्या वाट्याला जेमतेम २ टक्के येतं, हे त्यांनी ठणकावून मांडलं. श्रीमंत देशांच्या प्रयोगशाळांनी ठरवलेले प्रश्न गरीब देशांचे नसतात, म्हणून या देशांना स्वतःची वैज्ञानिक क्षमता हवी, असा त्यांचा आग्रह होता. संयुक्त राष्ट्रांना हे टिपण फार जहाल वाटलं. ‘ससेक्स जाहीरनामा’ म्हणून ते आजही वाचलं जातं.

पण माझ्या मते या साऱ्या काळातला सर्वांत मोलाचा विचार लॅटिन अमेरिकेतून आला. अमिल्कार हेर्रेरा हे अर्जेंटिनाचे भूशास्त्रज्ञ. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी सांगितलं की प्रत्येक देशाची दोन विज्ञान धोरणं असतात. एक जाहीर, ठरावांत आणि भाषणांत असतं. दुसरं अव्यक्त, ते आयातशुल्क, पेटंट कायदा, कर्जाच्या अटी, सरकारी खरेदी यांत दडलेलं असतं. दोन्हींत विसंगती असेल तर प्रत्यक्षात दुसरंच चालतं. पुढं कॅनडाच्या मदतीनं दहा देशांचा एकत्रित अभ्यास झाला. समन्वयक पेरूचे फ्रान्सिस्को सगास्ती. त्या दहांत भारतही होता.

भारताचं उदाहरण तर या विचाराला अगदी चपखल बसतं. नेहरूंच्या काळातला ४ मार्च १९५८चा विज्ञान धोरण ठराव हे आपलं जाहीर धोरण. औषधांच्या बाबतीत मात्र निर्णायक ठरला १९७०चा पेटंट कायदा, २० एप्रिल १९७२पासून लागू झालेला. न्या. राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९च्या अहवालावर तो उभा होता. औषधाच्या रेणूवर पेटंट मिळणं बंद झालं. तेव्हा पेटंट मिळायचं ते फक्त तो बनवण्याच्या प्रक्रियेवर, तेही जास्तीत जास्त सात वर्षं. म्हणजे तेच औषध वेगळ्या मार्गानं बनवून दाखवणाऱ्या रसायनतज्ज्ञाला दार उघडं झालं. विज्ञान खात्याच्या अंदाजपत्रकात या तरतुदीची एक ओळही नव्हती.

कायदा एकटा पुरला नसता, हेही तितकंच खरं. तो वापरू शकतील अशी माणसं आधीच तयार होत होती. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५०च्या दशकातच पेनिसिलिन बनू लागलं होतं आणि तिथल्या संशोधकांनी हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधलं होतं. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५०पासून आणि मुंबईची यूडीसीटी ही रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था १९३३पासून रसायनतज्ज्ञांची पिढी घडवत होती. जाहीर आणि अव्यक्त धोरण एका दिशेला वळलं. त्याचं फळ फेब्रुवारी २००१मध्ये जगानं पाहिलं. एड्सवरच्या तीन औषधांचा वर्षभराचा खर्च तेव्हा दरडोई दहा हजार डॉलरच्या वर होता. मुंबईच्या सिप्लानं तीच औषधं एका सेवाभावी संस्थेला साडेतीनशे डॉलरला देऊ केली. आफ्रिकेतल्या रुग्णांसाठी या फरकाचा अर्थ जगणं असा होता.

दरम्यान फ्रीमन यांनी १९८७मध्ये जपानवरच्या पुस्तकात ‘राष्ट्रीय नवोन्मेष व्यवस्था’ ही संकल्पना मांडली. डेन्मार्कच्या लुंडवाल यांनी तिला शिकण्याची, देवाणघेवाणीची बाजू जोडली. १९९२च्या ‘ओस्लो मॅन्युअल’नं कंपन्यांमधले नवे बदल मोजायला घेतले, तर २००१च्या ‘बोगोटा मॅन्युअल’नं लॅटिन अमेरिकेतल्या कारखान्यांच्या वास्तवाला जागा दिली. विचार पुढं गेला, पण सरकारांच्या भाषणात टक्केवारीच राहिली. आपल्या २००३च्या धोरणानं दोन टक्क्यांचं उद्दिष्ट ठेवलं, २०१३च्या धोरणानंही तेच. २०२३मध्ये अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचा कायदा झाला. जुलै २०२५मध्ये खासगी संशोधनासाठी एक लाख कोटींच्या योजनेला मंजुरी मिळाली. या रकमांचं मी स्वागतच करतो.

त्याच्या महिनाभर आधी, जून २०२५मध्ये, अर्थ मंत्रालयानं वैज्ञानिक संस्थांच्या खरेदीचे नियम सैल केले. कोटेशन न मागवता घेता येणाऱ्या मालाची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर गेली आणि जागतिक निविदा काढायचे अधिकार कुलगुरू आणि संचालकांना मिळाले. प्रयोगशाळांत काम करणारे वर्षानुवर्षं सांगत होते की सर्वांत कमी किमतीची निविदा स्वीकारण्याच्या दंडकामुळं हवं ते रसायन मिळत नाही आणि मिळालं तरी महिनोन्‌महिने उशिरा येतं. बातमी आतल्या पानावर आली. हेर्रेरांनी ती आधी वाचली असती.