यूरिक आम्ल उतरले, पण साखर?

कराड तालुक्यातील एका शाळेत व्याख्यानासाठी गेलो असता मधल्या सुट्टीत एका गुरुजींनी आपल्या रक्ततपासणीचे दोन कागद आमच्यापुढे ठेवले. त्यांना मधुमेह होऊन आठ वर्षे झाली होती. पहिल्या कागदावर यूरिक आम्ल ७.६ होते (१०० मिलिलिटर रक्तात इतके मिलिग्रॅम), वर्षानंतरच्या कागदावर ४.१. "डाळ-उसळ बंद केली, त्याचा गुण आला," ते म्हणाले. आम्ही वरची ओळ पाहिली. उपाशीपोटीची साखर १४२ वरून २८६ वर गेली होती.

पेशींच्या केंद्रकाम्लांत प्यूरीन नावाचे घटक असतात. ते मोडले की शेवटी यूरिक आम्ल उरते. शेले यांनी १७७६ साली ते मूतखड्यातून वेगळे केले. बहुतेक सस्तन प्राणी यूरिकेज या विकराच्या साह्याने त्याचे पुढे विघटन करतात. माणसाच्या पूर्वजांनी हे विकर गमावले, त्यामुळे आपली मदार मुख्यतः मूत्रपिंडांवर. तेथे गाळलेल्या यूरिक आम्लापैकी सुमारे ९० टक्के पुन्हा रक्तात शोषले जाते. हे शोषण किती व्हावे, यात इन्शुलिनचा हात असतो.

पोटाभोवती चरबी साठलेल्या माणसात स्नायू व यकृत इन्शुलिनला दाद देईनासे होतात, म्हणून शरीर ते जास्त बनवते. मूत्रपिंड मात्र त्याचे ऐकतच राहते आणि सोडियमबरोबर यूरिक आम्लही राखून ठेवते. म्हणूनच रक्तदाब, रक्तातील चरबी आणि यूरिक आम्ल बहुधा जोडीने वाढतात, तेही पुष्कळदा मधुमेहाचे निदान होण्याआधीच. पुढे रक्तातील साखर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीत सांडू लागते, आणि तिच्याबरोबर यूरिक आम्लही जास्त बाहेर पडते. गुरुजींचा आकडा उतरला तो बहुधा यामुळे. उसळीचा त्यात फारसा संबंध नसावा. (मूत्रपिंडे दुर्बळ झाली तर आकडा उलट चढतो, म्हणून क्रिएटिनिनही पाहावे लागते.)

उसळीवर हा राग का? मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांत गाऊटचा, म्हणजे यूरिक आम्लाच्या स्फटिकांमुळे होणाऱ्या सांधेदुखीचा, धोका वाढलेला आढळतो. परंतु २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ४७ हजार अमेरिकन पुरुषांच्या १२ वर्षांच्या पाहणीत प्यूरीनयुक्त भाज्या व कडधान्यांमुळे तो वाढलेला दिसला नाही. दुधामुळे तर घटलेला दिसला.

कृष्णाकाठी खरे पाहायचे ते उसाकडे. साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज. यकृतातील विकर त्यावर इतक्या झपाट्याने काम करते की पेशीतील एटीपी हे ऊर्जाद्रव्य भराभर खर्ची पडते, आणि त्याच्या अवशेषांतून यूरिक आम्ल तयार होते. चहातल्या चमच्यावर हे खापर फोडू नये. प्रश्न रसाच्या मोठ्या पेल्यांचा आणि बाटलीबंद गोड पेयांचा आहे. "गूळ चालतो" हे आम्ही सातारा-सांगलीत फार ऐकतो. गुळातही मुख्यतः तीच साखर असते.

मग गोळीने यूरिक आम्ल उतरवले तर मधुमेह्याची मूत्रपिंडे वाचतील का? ही आशा पुष्कळांना होती. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या ५३० रुग्णांपैकी निम्म्यांना ॲलोप्युरिनॉल दिले गेले. त्यांचे यूरिक आम्ल सरासरी ६.१ वरून ३.९ वर आले, पण मूत्रपिंडांची घसरण थांबली नाही. गाऊट किंवा तसले खडे असणाऱ्यांची गोष्ट वेगळी; त्यांनी आपली गोळी सोडू नये.

गुरुजी डॉक्टरांकडे गेले, औषध बदलले, उसळ पानात परतली. तीन महिन्यांनी त्यांचा फोन आला. साखर १३८ होती, पण आवाजात काळजी. "यूरिक ६.३ झालं की हो, सर! वाढलं!" ते वाढणारच होते, असे आम्ही त्यांना सांगितले. लघवीतून सांडणारी साखर आता थांबली होती.