लाइटमॅप

लाइटमॅप म्हणजे त्रिमितीय दृश्यातील स्थिर पृष्ठभागांवर किती उजेड पडतो, याची आगाऊ केलेली आकडेमोड साठवून ठेवणारी प्रतिमा होय. संगणकीय खेळांसारख्या, पाहणाऱ्याच्या हालचालीबरोबर तत्क्षणी बदलणाऱ्या चित्रणात वास्तवासारखा प्रकाश दाखवण्यासाठी तिचा उपयोग होतो.

खोलीतील उजेड केवळ दिव्यापासून थेट येत नाही. भिंती, छत व जमीन यांवरून तो पुनःपुन्हा परावर्तित होतो. त्यामुळेच दिव्याआडचा कोपराही पूर्ण काळोखा नसतो आणि लाल भिंतीशेजारच्या पांढऱ्या भिंतीवर तांबूस छटा उमटते. ही देवाणघेवाण मोजणारी रेडिओसिटी पद्धत कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी १९८४ मध्ये संगणकीय चित्रणात आणली. तिचे मूळ उष्णतेच्या प्रारणाचा अभ्यास करणाऱ्या अभियांत्रिकीत आहे. परंतु सेकंदाला ६० चित्रे दाखवायची, तर एका चित्राच्या वाट्याला जेमतेम १७ मिलिसेकंद येतात. तेवढ्या वेळात ही मोजणी त्या काळच्या संगणकांना अशक्यच होती.

येथे एक साधी गोष्ट उपयोगी पडते. चकाकी नसलेली भिंत कोठूनही पाहिली तरी सारखीच उजळ दिसते. दिवा आणि भिंत जागची हलत नसतील, तर मोजणी एकदाच करून ठेवता येते. मग ती करण्यास कित्येक तास लागले तरी बिघडत नाही. चित्र दाखवताना पृष्ठभागाच्या मूळ रंगाला साठवलेल्या मूल्याने गुणले की पुरे. शिवाय उजेड सहसा हळूहळू बदलत असल्याने लाइटमॅप बराच विरळ ठेवता येतो. १९९६ च्या ‘क्वेक’ या खेळात पृष्ठभागाच्या चित्रातील दर १६ × १६ ठिपक्यांमागे प्रकाशाची एकच नोंद असे. त्यात केवळ थेट प्रकाश व सावल्या होत्या. परावर्तित उजेड ‘क्वेक २’ मध्ये (१९९७) आला.

मर्यादा

मोजणी आधीच झालेली असल्याने खेळात दिवा फोडला, तरी भिंतीवरचा उजेड तसाच राहतो. ‘क्वेक’मध्ये लुकलुकणाऱ्या दिव्यांसाठी निराळे लाइटमॅप साठवून ही अडचण काही अंशी टाळली होती. चालत्या पात्रांना लाइटमॅप लागू पडत नाही. त्यांच्यासाठी दृश्यातील ठराविक बिंदूंवरील प्रकाशाच्या नोंदी वापरतात. आरशासारख्या चकचकीत वस्तूंचे रूप पाहणाऱ्याच्या जागेनुसार बदलते, म्हणून तेथेही तो अपुराच. २०१८ पासून प्रकाशकिरणांचा माग तत्क्षणी काढू शकणारी ग्राफिक्स कार्डे बाजारात आली. तरीही मोबाइलवरील खेळांत, जेथे बॅटरी व गणनशक्ती दोन्ही तुटपुंज्या असतात, लाइटमॅप आजही वापरात आहे.