भाषा ओसरली, पेन राहिले

2011च्या जनगणनेत देशभरातील गोंडांची संख्या सव्वा कोटीहून अधिक भरली, पण गोंडी ही आपली मातृभाषा असल्याचे सांगणारे तीस लाखांच्या आतच राहिले. महाराष्ट्रापुरते पाहिले तर गोंड सोळा लाखांच्या घरात आणि गोंडी बोलणारे साडेचार लाखांच्या आसपास. म्हणजे दर चार गोंडांपैकी तिघांच्या घरात आता मराठी, हिंदी, छत्तीसगढी किंवा तेलुगू बोलली जाते. राज्ये तर त्याआधीच गेली होती. चांद्याचे राज्य 1751मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या हाती पडले आणि तीन दशकांत गढा-मंडलाही मराठ्यांकडे गेले. भाषावार प्रांतरचनेत 1956मध्ये तेलुगूभाषकांना आणि 1960मध्ये मराठीभाषकांना राज्य मिळाले. गोंडांचा प्रदेश मात्र या राज्यांच्या सीमांवर वाटला गेला आणि एकाही राज्यात ते बहुसंख्य उरले नाहीत. भाषा, सत्ता आणि सलग भूमी या तीन गोष्टींवर समाजाची ओळख उभी असते असे आपण मानतो. त्या तिन्ही निसटल्यावरही यवतमाळचा मराठी बोलणारा गोंड आणि आदिलाबादचा तेलुगू बोलणारा गोंड एकमेकांना आपला म्हणतात ते कशाच्या जोरावर? माझ्या मते याचे उत्तर त्यांच्या पारंपरिक धर्मात आहे. मात्र तो धर्म श्रद्धेच्या कप्प्यात शोधायला गेले तर हाती लागत नाही. माणसांमाणसांत वाटून दिलेल्या कामांच्या रूपाने तो जगतो, म्हणूनच त्याने ओळख टिकवली.

गोंडांचे देव म्हणजे पेन. समाजाची मांडणीच पेनांच्या संख्येवर झालेली आहे. कुळे चार, पाच, सहा आणि सात देवांच्या गटांत विभागलेली आहेत. या गटांना सगा म्हणतात. एका सगातील सगळी कुळे एकमेकांची भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. लग्न जमवायचे तर दुसऱ्या सगात. त्यामुळे विदर्भातल्या गोंड घरांत स्थळ आले की ‘तुम्ही किती देवांचे?’ हे आधी विचारले जाते. हा प्रश्न विचारणाऱ्याला गोंडी येते की नाही, तो शेतमजूर आहे की तहसील कार्यालयात कारकून, याने काही बिघडत नाही. आडनाव कळले की देव कळतात आणि देव कळले की आपला कोण, सोयरा कोण हे ठरते. भाषा विसरायला दोन पिढ्या पुरतात. ही मांडणी विसरायची तर लग्न करणेच थांबवावे लागेल. एरवी खाजगी वाटणारा देव इथे दर पिढीत निदान एकदा तरी प्रत्येक घराला चारचौघांत सांगावा लागतो, हे या धर्माचे पहिले बळ.

हा धर्म एकट्याने पाळता येत नाही, हे त्याचे दुसरे बळ. प्रत्येक कुळाचा पर्सापेन असतो. लोखंडी भाल्याचे पाते आणि चवरी ही त्याची चिन्हे. त्याची सेवा करणारा कटोडा त्याच कुळातला असतो आणि हा मान वंशपरंपरेने चालतो. पण पेनाची कथा सांगण्याचा अधिकार कटोड्याचा नाही, तो परधानाचा. परधान हा गोंडांशी पिढ्यान्पिढ्या बांधलेला गायक समाज. किंगरी वाजवत तो यजमानांच्या कुळाची उत्पत्ती, स्थलांतरे आणि पेनाचे पराक्रम गातो. मृत्यूनंतरच्या विधींतही तो लागतो, कारण मेलेला माणूस कुळाच्या पेनात मिसळला जाईपर्यंत त्याचे कार्य पुरे झाले असे मानत नाहीत. म्हणजे कुळाची स्मृती कुळाबाहेरच्या माणसाकडे ठेव म्हणून दिलेली आहे आणि ती ऐकायची तर त्याला बोलावून मान द्यावाच लागतो. नागपूरला राहिलेल्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लिंगो या गोंडांच्या आद्यपुरुषाची गाथा टिपून घेतली. त्याच्या मृत्यूनंतर 1866मध्ये रिचर्ड टेंपलने त्याचे कागद छापले, तेव्हा ही मौखिक परंपरा किती लांब आणि किती गुंतागुंतीची आहे हे छापील जगाला प्रथम कळले.

आदिलाबाद भागातल्या केसलापूरची नागोबाची जत्रा या वाटणीचा सर्वांत स्पष्ट नमुना आहे. ही जत्रा मेस्राम कुळाची. पौष अमावास्येच्या पूजेआधी कुळातली माणसे अनवाणी चालत गोदावरीवर जातात आणि तिथून आणलेल्या पाण्यानेच देवाचा अभिषेक होतो. कुळात लग्न होऊन आलेल्या सुनांची या वेळी देवाशी आणि वडीलधाऱ्यांशी रीतसर भेट घडवतात. ती भेट झाली की सून कुळाची झाली. महाराष्ट्रातूनही गोंड कुटुंबे या जत्रेला जातात. या जत्रेचे राजकीय मोल निजामाच्या सरकारलाही कळले होते. जंगल आणि जमिनीसाठी लढणारा कोमराम भीम 1940मध्ये मारला गेल्यावर या भागात ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा मानववंशशास्त्रज्ञ आला, आणि त्याच्या सूचनेवरून 1940च्या दशकात केसलापूरच्या जत्रेतच अधिकाऱ्यांनी गोंडांची गाऱ्हाणी ऐकण्याचा दरबार सुरू झाला. लोकांना सरकारी कचेरीत बोलावण्याऐवजी कचेरीलाच देवाच्या दारी यावे लागले. विखुरलेला समाज आपणहून एका जागी जमतो असे दुसरे ठिकाणच नव्हते.

तिसरे बळ आहे ते स्थळाचे आणि ऋतूचे. गडचिरोलीच्या माडिया गोंडांच्या गावांत वर्षाची घडी पंडुम या सणांनी बसवलेली असते. बियाण्याचा पंडुम झाल्याशिवाय पेरणी नाही, आंब्याचा पंडुम झाल्याशिवाय नवा आंबा तोंडी लावायचा नाही. फळ पक्व होण्याआधी कुणी एकट्याने तोडून नेऊ नये, असा नियम वनखात्याने केला असता तर त्यावर पहारा बसवावा लागला असता. देवाच्या नावाने तो गाव स्वतःच राखते. याच जिल्ह्यात एटापल्ली तालुक्यातला सुरजागडचा डोंगर ठाकूरदेवाचा आहे. परिसरातली सत्तरेक गावे दर जानेवारीत तिथे यात्रेला जमतात. हाच डोंगर लोहखनिजासाठी खाणपट्ट्यात दिला गेला, तेव्हा ग्रामसभांच्या विरोधात जंगल, पाणी आणि ठाकूरदेव हे तिन्ही एकाच दमात आले. ओडिशातल्या नियमगिरीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 18 एप्रिल 2013च्या निकालात डोंगरिया कोंधांचे देवाशी असलेले नाते ग्रामसभांनीच तपासावे असे सांगितले आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. 2006च्या वनहक्क कायद्याच्या आधाराने तिथे देवाला कायद्यात जागा मिळाली. सुरजागडला मात्र खाण सुरू झाली. श्रद्धा दोन्हीकडे होती. फरक पडला तो लोकांचा शब्द कुठे निर्णायक मानला गेला यामुळे.

माझ्या या मतावरचा पहिला आक्षेप जुना आणि वजनदार आहे. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी 1943मध्ये आदिवासींना मागासलेले हिंदू म्हटले. त्यांचा मुद्दा असा की या समाजांच्या चालीरीतींत हिंदू देवदेवता इतक्या मिसळल्या आहेत की वेगळी रेघ ओढणे कृत्रिम ठरते. मिसळण नाकारण्यात अर्थ नाही. हिस्लॉपने टिपलेल्या लिंगोच्या गाथेतही महादेव आणि पार्वती आहेतच. पण उसनवारी झाली म्हणून घर दुसऱ्याचे होत नाही. नावे आली, सणही आले. सगाची मांडणी, कटोड्याचा मान आणि परधानाचा हक्क यांच्या जागी मात्र दुसरे काही आले नाही. महादेव या मांडणीत येऊन बसला, मांडणी महादेवाभोवती फिरली नाही. सरकारी नोंदींना हा फरक पेलला नाही. इंग्रजी काळातल्या जनगणनांत आदिवासींच्या धर्माचा वेगळा उल्लेख असे, स्वतंत्र भारतात 1951पासून तो रकाना गेला. तरीही 2011मध्ये ‘इतर’ या रकान्यात जवळपास 50 लाख लोकांनी सरना आणि सुमारे दहा लाखांनी गोंडी धर्म लिहिला. रकाना नसताना लिहिलेले नाव हा घुर्यांना दिलेला लोकांचा जबाब आहे. त्यात प्रतिवादही आहे आणि स्वतःचे नाव स्वतः ठेवण्याचा हट्टही.

दुसरा आक्षेप असा की ज्याला परंपरा म्हणतो त्यातले बरेच काही कालपरवाचे आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यातील कचारगडची गुहा हे त्याचे उदाहरण म्हणून दाखवता येईल. गुहेत कोंडलेल्या पूर्वजांना पारी कुपार लिंगोने सोडवले ही कथा जुनी, पण माघ पौर्णिमेला तिथे भरणारी मोठी यात्रा 1980च्या दशकात उभी राहिली. तिच्यामागे मोतीरावण कंगाली यांच्यासारखे शिकलेले, गोंडी भाषा आणि पुनेम म्हणजे गोंडी धर्म यांवर ग्रंथ लिहिणारे लोक होते. हे खरे आहे, आणि त्यामुळे माझा मुद्दा कमकुवत होत नाही. सार्वजनिक गणेशोत्सव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा म्हणून आपण गणपतीला नवा देव म्हणत नाही. कचारगडने नवे केले ते एवढेच, की कुळाकुळांत विखुरलेली पूजा सगळ्या सगांना एकत्र आणणाऱ्या जागी नेली. कुळे आणि कथा जिवंत होत्या म्हणूनच हे जमले. यात एक धोका मात्र आहे. मोठ्या यात्रेत लोक प्रेक्षक होऊ शकतात. वारली चित्रांचे असेच झाले. लग्नातला चौक लिहिणे हे सवाशिणींचे विधीतले काम होते. जिव्या सोमा म्हसे यांच्या हातून ती कला कागदावर आणि जगभर गेली, कलावंतांना उत्पन्न मिळाले, मान मिळाला. पण साडीवर छापलेल्या तारपावादकाला कुठल्याही लग्नाशी देणेघेणे नसते. चिन्ह पसरले म्हणून नाते टिकले असे होत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण. मिझो आणि नागा समाजांनी मोठ्या संख्येने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तरी त्यांची ओळख पुसली गेली नाही. उलट अधिक ठळक झाली. मग पारंपरिक धर्माची गरज काय? गरज सर्वत्र सारखी नसते, हे मान्य करायला हवे. मिझोंना स्वतःचे राज्य आहे, स्वतःच्या भाषेत साक्षरता आणि छापील साहित्य आहे, आणि नागालँड-मिझोरमच्या रूढींना घटनेच्या 371ए आणि 371जी या कलमांचे संरक्षण आहे. ओळखीचा भार तिथे इतर खांबांनी उचलला. गोंडांकडे त्यातला एकही खांब धड उरला नाही, म्हणून सगळे वजन सगावर आणि पेनावर आले. माझा दावा एवढाच आहे, आणि तो सर्व आदिवासींसाठी नाही: जिथे भाषा आणि सत्ता दोन्ही हातून गेल्या, तिथे पारंपरिक धर्म हा ओळखीचा शेवटचा चालता व्यवहार असतो.

या व्यवहाराची किंमतही आहे आणि ती झाकून ठेवू नये. सगाबाहेरच लग्न करण्याचा नियम मोडणाऱ्यांवर जातगंगेचा बहिष्कार पडतो. कुळ पुरुषाकडून चालते, त्यामुळे मुलगी सासरच्या पेनात जाते आणि माहेरच्या पेनावर तिला हक्क उरत नाही. मध्य भारतातल्या अनेक आदिवासी पट्ट्यांत बायकांना डाकीण ठरवून छळले जाते. महाराष्ट्राचा 2013चा जादूटोणाविरोधी कायदा अशाच अघोरी प्रकारांसाठी झाला आणि तो तिथेही लागू व्हायलाच हवा. पण छळ रोखणे म्हणजे पेनाची मांडणी मोडणे नव्हे. हिंदूंचा वारसाहक्काचा कायदा बदलला तेव्हा कुळाचार बंद करावे लागले नाहीत. जो धर्म पुस्तकात गोठलेला नसून माणसांच्या कामातून चालतो, त्याला कामे नव्याने वाटून घेणे उलट सोपे जावे.

या साऱ्याचा सरकारसाठी आणि आपल्यासारख्या बाहेरच्यांसाठी एक व्यावहारिक अर्थ निघतो. यात्रेला अनुदान देणे, रस्ता करणे, महोत्सव भरवणे या गोष्टी सोप्या आहेत, आणि ओळख जपल्याचे समाधानही त्यांतून मिळते. पण वर सांगितलेली तीन बळे अनुदानाने येत नाहीत. परधानाची गाथा ऐकायला कुळ एकत्र यावे लागते. रोजगारासाठी पांगलेले कुळ येत नाही. पंडुमाला जंगल लागते आणि ठाकूरदेवाला डोंगर. जनगणनेत वेगळा रकाना मिळावा ही मागणी न्याय्य आहे. झारखंडच्या विधानसभेने नोव्हेंबर 2020मध्ये सरनासाठी तसा ठरावही केला. मात्र रकान्यात धर्माचे नाव लिहून घेणारे सरकार त्याच धर्माचा डोंगर ग्रामसभेच्या संमतीवाचून खणायला देत असेल, तर ती नोंद हिशेबापुरती राहील. ज्या दिवशी ग्रामसभेचा नकार खाणपट्ट्यापेक्षा वरचढ ठरेल, त्या दिवशी पारंपरिक धर्माला संरक्षण मिळाले असे म्हणता येईल. बाकीचे काम कटोडा, परधान आणि सोयरे आजवर करत आले तसे करतील.