गोळीचा डोस हळूहळू कमी करताना

नांदेड-लातूरकडची अनेक कुटुंबे मोठ्या आजारासाठी हैदराबाद, सोलापूर किंवा पुणे गाठतात. डॉक्टर तपासतात, चिठ्ठी देतात आणि महिन्याभराने बोलावतात. त्या महिन्यात गोळीचा डोस दोनदा बदलायचा असेल, तर तो घरच्यांनाच बदलावा लागतो. गफलत होते ती इथेच. बरे वाटले की अब्बा गोळी परस्पर बंद करतात, नाहीतर जुनाच डोस महिनोन्महिने चालू राहतो.

स्टेरॉइडच्या बाबतीत ही गफलत महागात पडते. दमा, संधिवात, मूत्रपिंडाचे काही आजार, कुष्ठरोगात येणारी नसांची सूज, अशा दुखण्यांत प्रेडनिसोलोनची गोळी देतात. मूत्रपिंडांवर असलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी शरीराला लागणारे कॉर्टिसॉल स्वतः बनवतात. बाहेरून काही आठवडे स्टेरॉइड मिळत राहिले की या ग्रंथी सुस्तावतात. मग गोळी एकदम थांबवली तर अशक्तपणा, उलट्या, चक्कर येणे, रक्तदाब घसरणे असे त्रास होतात, प्रसंगी जिवावर बेतते. डोस पायरीपायरीने उतरवतात तो या ग्रंथींना जागे व्हायला वेळ मिळावा म्हणून.

कुष्ठरोगातील नसांच्या सुजेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेला एक क्रम १२ आठवड्यांचा आहे. रोज ४० मिलिग्रॅमपासून सुरुवात, मग दर दोन आठवड्यांनी ३०, २०, १५, १० आणि शेवटी ५. हे केवळ समजण्यासाठी. प्रत्येक रुग्णाचा क्रम त्याचे डॉक्टरच ठरवतात.

नुसता अलार्म लावून इथे भागत नाही. अलार्म “गोळी घ्या” एवढेच सांगतो, किती घ्यायची ते सांगत नाही. म्हणून मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये प्रत्येक बदलाची तारीख टाकावी आणि सोबत लिहावे, “आजपासून २० मिलिग्रॅम, म्हणजे १० च्या दोन गोळ्या.” मिलिग्रॅम लिहिणे फार गरजेचे आहे, कारण एकाच नावाची गोळी ५, १० आणि २० अशा ताकदीत मिळते. मेडिकलवाल्याने १० ऐवजी २० ची स्ट्रिप दिली आणि आपण गोळ्या तेवढ्याच मोजल्या, तर डोस दुप्पट होतो.

चिठ्ठीचा आणि स्ट्रिपचा स्पष्ट फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठेवावा. पुण्यात किंवा आखातात असलेला मुलगाही मग तारखेला फोन करून विचारू शकतो. दादीला वाचता येत नसेल तर सुनेने दखनीत व्हॉइस मेसेज करून ठेवावा. साधा फोन असेल तर त्यातला अलार्म आणि भिंतीवरचे कॅलेंडर एकत्र वापरावे. जबाबदारी मात्र घरातल्या एकानेच घ्यावी. सगळ्यांवर सोडलेले काम कोणाचेच राहत नाही.

अशा साधनांची मर्यादाही ध्यानात ठेवावी. भारताच्या क्षयरोग कार्यक्रमात ‘९९डॉट्स’ ही पद्धत वापरली गेली. गोळी काढली की पाकिटावर लपलेला फोन नंबर दिसे आणि रुग्ण त्यावर मिस्ड कॉल देई. पण कॉल आला म्हणजे गोळी पोटात गेलीच, असे नाही. शेवटी घरच्या माणसाची नजर हवीच.

रमजानमध्ये औषधाच्या वेळा सहेरी आणि इफ्तारकडे सरकतात. रोजे ठेवता येतील का, कोणता डोस केव्हा घ्यायचा, हे महिना सुरू होण्याआधीच डॉक्टरांना विचारावे. आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत सूरह बकरामध्ये दिलेली आहे. ती घेण्यात संकोच नको.

डॉक्टरांकडून निघण्यापूर्वी तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: कोणत्या तारखेला किती मिलिग्रॅम, गोळी चुकली तर काय करायचे आणि कोणत्या नंबरवर विचारायचे. मधेच ताप, उलट्या किंवा जुने दुखणे उसळले तर डोस मनाने वाढवू नये आणि बंदही करू नये. डॉक्टरांना फोन करावा. ते दूर असतील तर सरकारच्या ई-संजीवनी सेवेवर विचारावे, किंवा नांदेड-लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत सगळे कागद घेऊन जावे. रुग्ण गळून पडला, शुद्ध हरपू लागली तर लगेच १०८ ला फोन करावा आणि तो स्टेरॉइड घेतो हे आधी सांगावे.

शरीर ही अल्लाहची अमानत आहे. बरे वाटू लागल्यावरही ठरलेल्या तारखेपर्यंत गोळी नीट घेणे, हाही ती सांभाळण्याचाच भाग आहे.